दहा बाय सोळा आणि नाइट शिफ्ट

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

मित्रांनो, इंटरनेटवर अमेरिकेतल्या 'टायनी हाउस'चे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. लाकडी जिना, वर गादी, खाली कॉफीचा मग... एकदम मस्त! तिथल्या 2018 च्या रेसिडेन्शियल कोडमध्ये 400 चौरस फूट किंवा त्याहून लहान घराला टायनी हाउस म्हटलंय. आता आपल्याकडे या. मुंबईत 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बी.डी.डी. चाळीतली खोली आहे 160 चौरस फुटांची. तिच्यात पिढ्यान्पिढ्या संसार झाले. तिथल्या पुनर्विकासात 500 चौरस फुटांची घरं ठरली आणि ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत 556 कुटुंबांना पहिल्या चाव्या मिळाल्या. म्हणजे 'टायनी' हा शब्द आपल्याला नवा असेल, गोष्ट मात्र जुनीच आहे.

आपल्या मेसमधल्या मावशी शेंद्र्यात राहतात. भाड्याची खोली, 10 फूट बाय 16 फूट, वर पत्रे. म्हणजे बरोब्बर 160 चौरस फूट! घरात चौघं. काका एम.आय.डी.सी.त कंत्राटी कामावर, त्यांना महिन्यातून काही दिवस नाइट शिफ्ट. मुलगी दहावीला, मुलगा सहावीत. काका सकाळी येऊन झोपतात, तेव्हा मुलीने वाचायचं कुठे? ती दारात पायरीवर बसून गणितं सोडवते. मी टेप घेऊन गेलो तो हा प्रश्न सोडवायला.

पहिला प्लॅन, जो फसला

मी सरळ फोटोतली आयडिया उचलली. माळा वाढवायचा आणि काकांची गादी वर टाकायची. ड्रॉइंग बघून मावशी हसल्या. म्हणाल्या, "बाळा, मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली वर झोपून बघ की एकदा!"

खरंच, हे तर आपण शिकलेलंच होतं. गरम हवा वर जाते. उन्हाने तापलेला पत्रा खाली उष्णता फेकतो, म्हणजे माळ्यावर दोन्हीकडून भाजणार. थंड देशातली आयडिया मराठवाड्यात चालत नाही. आपल्याकडे माळा सामानासाठी, माणसं खाली!

दुसरा प्लॅन

मग घर जागेप्रमाणे नाही, तर वेळेप्रमाणे वाटलं. कोण, कधी, काय करतं याचं टाइमटेबल आधी, प्लॅन नंतर.

1) मागचे 10 बाय 5 फूट ओल्या कामाचे. एका कोपऱ्यात 4 बाय 5 ची मोरी, उरलेल्या 6 फुटांत ओटा.

2) पुढे राहिले 10 बाय 11, म्हणजे 110 चौरस फूट, सुमारे 10.2 चौरस मीटर. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहत्या खोलीला किमान 9.5 चौरस मीटर सांगितलेत. म्हणजे जमतंय.

3) पुढच्या भिंतीपासून 4 फुटांवर दीड फूट खोलीचं, 5 फूट लांब, 6 फूट उंच कपाट आडवं उभं करायचं. तीच भिंत! कपाटामागे 4 बाय साडेसहाचा दिवाण, खाली कप्पे. काका तिथे झोपतील. त्यांच्या बाजूला मोरी येते, ओटा नाही, म्हणून भांड्यांचा आवाज थोडा लांब राहतो. दिवाणाशेजारून आत जायला साडेतीन फूट वाट उरते, तिला जाड पडदा.

4) कपाटापुढे खिडकीपाशी मुलीचं टेबल, भिंतीला बिजागरीने लावलेलं. रात्री टेबल मिटलं की तिथेच दोन्ही मुलांची अंथरुणं.

कपाट मुद्दाम छतापर्यंत नेलं नाही. वरून हवा फिरली पाहिजे. मागची भिंत दुसऱ्या खोलीला लागून आहे, तिथे खिडकी निघत नाही. मग गरम हवा काढायची कशी? उत्तर शेंद्र्यातच आहे. कंपन्यांच्या शेडवर फिरणारे गोल व्हेंटिलेटर बघा. वाऱ्यावर फिरतात, वीज लागत नाही. तसा एक पत्र्यावर बसवायचा, पत्र्याला वरून पांढरा रंग, आणि खाली थोडी फट ठेवून बांबूचा तट्ट्या. मधल्या हवेमुळे आणि तट्ट्यामुळे पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही.

उंबऱ्याबाहेर

लहान घर उंबऱ्याशी संपत नाही. नवी मुंबईत बेलापूरला 1980 च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी लहान घरं बांधली, तेव्हा सात-सात घरं 8 बाय 8 मीटरच्या अंगणाभोवती बसवली. अंगण हीच सगळ्यांची मोठी खोली. मावशींच्या दारापुढे 4 फूट जागा आहे. तिथे सावली केली तर भाजी निवडणं, गप्पा, पाहुणे बाहेर जातात आणि आतला आवाज कमी होतो.

आता खरी अडचण. खोली भाड्याची. पत्र्याला हात लावायला घरमालकाची परवानगी हवी, ती अजून मिळालेली नाही. म्हणून कपाट, दिवाण, पडदा असं ठेवलंय की खोली सोडली तर टेम्पोत घालून नेता येईल. टेबल आम्ही गेल्या रविवारी लावलं. मुलगी आता पायरीवर नाही, आत बसते. कपाटासाठी मावशी पैसे जमवतायत. तोवर साडीचा पडदा आहे. तो उजेड अडवतो, आवाज नाही.

मित्रांनो, आपण होस्टेलवाले तिघांत एक रूम म्हणून कुरकुर करतो! उद्या आपल्या हातात प्लॅन येतील. तेव्हा चौरस फूट मोजण्याआधी एकदा विचारा, या घरात दिवसा कोण झोपतं?