पाण्याची परीक्षा

पाणी चांगलें कीं वाईट हें कसें ओळखावें, असें आम्हीं वर्गांत विचारलें म्हणजे उत्तरें ठराविक येतात : तें नितळ दिसावें, त्यास वास नसावा, चव गोड असावी. थोडें अधिक वाचलेला एखादा विद्यार्थी म्हणतो कीं, त्यांत रोगजंतू नसावेत. हीं सर्व उत्तरें बरोबर आहेत. परंतु तीं अपुरीं आहेत. किती अपुरीं, हें अमेरिकेंतील एका गांवाच्या हकीकतीवरून कळून येईल.

बोस्टन शहराच्या उत्तरेस वूबर्न नांवाचें जुनें उद्योगी गांव आहे. तेथें कातडीं कमावण्याचे व रसायनांचे कारखाने फार दिवसांपासून होते. गांवाच्या पूर्वभागास पाणी पुरविण्यासाठीं १९६४ व १९६७ सालीं तेथें दोन खोल विहिरी खणण्यांत आल्या. १९७२ सालीं त्या भागांतील अ‍ॅन अँडरसन ह्या बाईच्या जिमी नांवाच्या लहान मुलास रक्ताचा कर्करोग झाल्याचें आढळलें. शेजारच्या आणखी कांहीं मुलांसही तोच रोग होता. हीं सर्व मुलें एकच पाणी पितात, हें त्या मातेच्या मनांत आलें. तिनें पाण्याची परीक्षा करण्याविषयीं विनविलें. पण कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. त्या काळच्या नेहमीच्या परीक्षा मुख्यतः जंतू व क्षार यांपुरत्या असत.

मे १९७९ मध्यें विहिरींजवळच्या ओसाड जागेंत टाकून दिलेलीं १८४ पिपें सांपडलीं, तेव्हां विहिरींचें पाणी कारखान्यांतील रसायनांकरितां तपासण्यांत आलें. एका विहिरींत ट्रायक्लोरोएथिलीन नांवाचा द्रावक अब्जांत २६७ भाग निघाला. दोन्ही विहिरी तत्काळ बंद झाल्या. नवल असें कीं, तें विष त्या पिपांतून आलेंच नव्हतें. पिपें केवळ तपासणीचें निमित्त झालीं.

गांवच्या चर्चचे पाळक ब्रूस यंग यांस प्रथम त्या बाईची शंका पटली नव्हती. परंतु पुढें त्यांनीं वर्तमानपत्रांतून आवाहन करून आजारी मुलांच्या कुटुंबांस चर्चमध्यें बोलाविलें. मुलांचीं घरें नकाशावर मांडून पाहिलीं, तों त्यांपैकीं बरींच पूर्वभागांत जवळजवळ आढळलीं. जिमी जानेवारी १९८१ मध्यें वारला. गरोदरपणीं तें पाणी प्यालेल्या मातांच्या मुलांत हा रोग अधिक आढळतो, असें त्या राज्याच्या आरोग्यखात्यानें १९९७ सालीं प्रसिद्ध केलें.

आतां हा द्रावक म्हणजे काय तें पाहूं. यंत्राच्या सुट्या भागांवरील तेल व ग्रीस काढण्यास तो वापरीत. त्याचाच भाऊबंद परक्लोरोएथिलीन हा लोंकरी व रेशमी कपडे पाण्यावांचून धुण्याच्या कामीं येतो. तो जमिनीवर ओतला असतां मातींतून झिरपतो, आणि पाण्याहून जड असल्यामुळें भूजलाच्याही तळाशीं जाऊन बसतो. अमेरिकेंत १९८९ पासून ट्रायक्लोरोएथिलीनची मर्यादा अब्जांत ५ भाग, म्हणजे लिटरमागें ५ मायक्रोग्रॅम, ठरली आहे. गणित करून पाहा : वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर एका थेंबाचें वजन सुमारें ७३ मिलिग्रॅम भरतें. एवढा एकच थेंब १४,६०० लिटर पाण्यास मर्यादेपर्यंत नेतो. पंधरा लिटरची घागर धरली, तर त्या जवळजवळ हजार घागरी होतात! इतक्या अल्प प्रमाणांत तो डोळ्यांस, नाकास किंवा जिभेस कळणें शक्य नाहीं.

म्हणून त्याची परीक्षा निराळी आहे. द्रावक लवकर उडून जातो, यासाठीं नमुन्याची लहान कांचेची बाटली कांठोकांठ भरतात. आंत हवेचा एकही बुडबुडा राहूं देत नाहींत व ती थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेंत पोंचवितात. तेथें पाण्यांतून शुद्ध वायु सोडतात. त्याच्याबरोबर द्रावक निघून शोषक द्रव्यांत अडकतो. मग तें तापवून द्रावक मोकळा करितात आणि केंसासारख्या बारीक व लांब नळींतून पाठवितात. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळीं बाहेर पडतो, त्यावरून त्याचें नांव व प्रमाण ठरतें. ह्या यंत्रास गॅस क्रोमॅटोग्राफ म्हणतात.

पालकांसही आमची एक विनंति आहे. तुरटीनें गाळ बसतो, क्लोरीननें जंतू मरतात. पण द्रावक जात नाहीं. उकळल्यानें तो थोडाबहुत उडतो, परंतु तो घरांतील हवेंत मिसळून श्वासावाटे शरीरांत जातो. जंतूंकरितां पाणी उकळणें सोडूं नयेच. तथापि विहिरीजवळ कारखाना, यंत्रशाळा किंवा कपडे धुण्याचा असा धंदा असेल, तर नमुना देतांना तसें स्पष्ट सांगावें व द्रावकांची परीक्षा मागावी. नुसतें "पाणी तपासा" म्हटल्यास नेहमीचीच परीक्षा होण्याचा संभव असतो.

यरीहो नगरच्या लोकांनीं अलीशा संदेष्ट्याकडे जाऊन आपलें नगर रम्य पण पाणी वाईट आहे, असें उघड सांगितलें. त्यानंतरच तें पाणी निर्दोष झालें. वूबर्नच्या मातेनेंही तेंच सांगितलें होतें, पण ऐकणारे उशिरा जागे झाले. विद्यार्थ्यांनो, परीक्षेंत विचारल्या प्रश्नाचेंच उत्तर मिळतें, हें तुम्ही जाणतांच. पाण्याचीही गोष्ट तीच आहे. म्हणून योग्य प्रश्न विचारण्यास शिका, आणि दुसरा कोणी तो विचारीत असेल तर त्याचें ऐकून घ्या.