रब्बी ज्वारीच्या रानांतील ओलीची खतावणी

सोलापूर, मोहोळ, मंगळवेढें या बाजूच्या काळ्या रानांत रब्बी ज्वारी पावसावर येते, असें म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती पावसावर येत नसून, पडून गेलेल्या पावसाची जी ओल जमिनीच्या पोटांत सांठलेली असते तिच्यावर येते. उत्तरा व हस्त या नक्षत्रांचा पाऊस होऊन पाभर चालली, कीं पुढें चार महिने आभाळाकडून फारशी प्राप्ति नसते. पेरणीच्या दिवशीं रानांत जी ओल असेल तेंच त्या पिकाचें भांडवल. त्यांतूनच त्यानें वाढावें, पोटरींत यावें, निसवावें आणि दाणाही भरावा. खरिपाच्या खात्यास मधून मधून जमा पडत असते. रब्बीच्या खात्यास बहुधा खर्चच पडतो. असें असतां बियाणें किती लागलें, मजुरी किती गेली, याचा हिशेब आपण ठेवतों. परंतु ज्या भांडवलावर सारा व्यवहार चालावयाचा त्या ओलीची शिल्लक कधीं काढीत नाहीं. ती कशी काढावी, आणि काढल्यानें कोणते निर्णय सुधारतात, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

वरची ओल फसवी असते

जमिनीच्या पृष्ठभागावरून आंतल्या ओलीचा अंदाज करणारा दोन प्रकारांनीं फसतो. पहिला प्रकार असा, कीं उशिरां एक चांगली सर येते, वरची वीतभर माती भिजते, वापसा दिसतो आणि पेरणी होते. बी जोमानें उगवतें. पण वितीच्या खालीं जमीन उन्हाळ्याइतकीच कोरडी असते. कोरड्या थरांतून मूळ खालीं उतरत नाहीं, आणि महिन्याभरांत पीक पिवळें पडतें. दुसरा प्रकार याच्या उलट. वरची चार बोटें माती पांढरी पडून भुरभुरीत झालेली असते; मालक निराश होतो; परंतु खालीं तीन फुटांपर्यंत माती गारेगार असते. पहिल्या ठिकाणीं बियाणें व खत व्यर्थ जातें, दुसऱ्या ठिकाणीं हातचें पीक दुर्लक्षानें जातें. इ. स. २०१८ सालीं परतीच्या पावसानें दगा दिला व ३१ ऑक्टोबर रोजीं राज्य सरकारनें १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. अशा वर्षीं तर बी मातींत टाकावें कीं घरांत ठेवावें, हा प्रश्न संबंध कुटुंबाच्या वर्षाचा असतो. आणि त्याचें उत्तर जमिनीच्या पोटांत असतें.

ओलीच्या दोन मर्यादा

जमिनींत असलेलें सर्वच पाणी पिकास मिळत नाहीं. भरपूर पाऊस झाल्यावर जास्तीचें पाणी निचरून गेलें, म्हणजे माती जेवढें पाणी धरून ठेवते ती वरची मर्यादा. त्या सुमारासच रानास आपण वापसा आला म्हणतों. पीक शोषतां शोषतां अशी वेळ येते, कीं मातींत पाणी असूनही मुळांस तें ओढतां येत नाहीं. पानें सकाळींही मान वर करीत नाहींत. ती खालची मर्यादा. या दोहोंमधील पाणी हेंच पिकाचें. भारी काळ्या मातीच्या वजनाच्या शेंकडा २० भाग पाणी असतांही तींत ज्वारी सुकून जाईल. वाळूसर मातींत तेवढेंच पाणी असेल तर ती निथळत असेल. म्हणून शेजाऱ्याच्या मुरमाड रानाचा आंकडा आपल्या काळीस लावूं नये. भारी जमीन दर फूट खोलीस सुमारें ४५ ते ६० मिलिमीटर उपयुक्त पाणी सांठवते. हलक्या जमिनींत सांठा कमी, आणि खालीं मुरूम लागल्यानें खोलीही कमी.

परीक्षेच्या तीन रीती

पहिली रीत सळईची. बोटभर जाडीची चार फूट लोखंडी सळई घेऊन तिच्या टोंकास सळईहून किंचित् मोठा छर्रा जोडून घ्यावा व वर आडवी मूठ बसवावी. अंगाच्या भारानें ती दाबली असतां ओल्या मातींतून सरळ उतरते व कोरड्या थरापाशीं अडते. जेवढी उतरली तेवढी ओल खोल. एकदम टणकन् अडली तर दगड समजून हातभर बाजूस पुन्हां पाहावें. भेगेंत घालूं नये. बांधाकडेच्या बाभळी-निंबाजवळ पाहूं नये. रानाच्या माथ्यावर, मध्यें व उतारास मिळून आठदहा ठिकाणीं पाहून सरासरी धरावी. पेरणीपूर्वीं या परीक्षेसारखी स्वस्त व उपयुक्त परीक्षा दुसरी नाहीं.

दुसरी रीत मुठीची. सळई खोली सांगते, ओलीचें प्रमाण सांगत नाहीं. त्यासाठीं गिरमिटानें एकेका फुटाची माती काढून हातांत घ्यावी. काळ्या मातीची अंगठा व तर्जनी यांमध्यें दाबून गुळगुळीत लांब पट्टी निघत असेल तर सांठा जवळजवळ भरलेला समजावा. गोळा होतो व पट्टी निघते, पण लवकर तुटते, तर निम्म्याहून थोडा अधिक. जोरानें दाबल्यावरच गोळा होतो, तर निम्म्याहून कमी. ढेंकूळ टणक असून बोटांनीं दबत नाहीं, तर पिकाच्या दृष्टीनें खातें रिकामें.

तिसरी रीत तराजूची. हिशेब तिचाच लिहावा. गिरमिटानें काढलेली माती घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून लगेच ग्रॅमच्या काट्यावर तोलावी. प्रयोगशाळेंत ती १०५ अंश उष्णतेवर चोवीस तास वाळवतात. घरीं लोखंडी कढईंत मंद आंचेवर हलवीत वाळवावी, आणि दोन वेळां तोलून वजन तेंच येईपर्यंत उतरूं नये. जेवढें वजन घटलें तें पाणी. त्यास कोरड्या मातीच्या वजनानें भागून शंभरानें गुणावें. ओली माती १३४ ग्रॅम व वाळून १०० ग्रॅम भरली, तर ओल शेंकडा ३४.

खालची मर्यादा आपल्या रानापुरती आपणच ठरवावी. ज्या वर्षीं पाण्यावांचून ज्वारी उभी वाळते, त्या वेळीं तिच्या बुडाजवळची दर फुटाची माती तोलून आंकडा लिहून ठेवावा. तो पुढें कैक वर्षें उपयोगीं पडतो.

खतावणी कशी लिहावी

काळ्या मातीची घनता सुमारें १.२ धरली, तर एका फुटांतील शेंकडा १ ओल म्हणजे ३.६ मिलिमीटर पाणी होतें. (एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर.) आतां समजा, एका रानाची खालची मर्यादा तिन्ही फुटांस शेंकडा २० आहे. पेरणीच्या दिवशीं पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या फुटांत अनुक्रमें ३४, ३४ व ३२ ओल भरली. मर्यादा वजा जातां १४, १४ व १२ मिळून ४०; ४० गुणिले ३.६ म्हणजे १४४ मिलिमीटर आरंभीची शिल्लक.

पांच आठवड्यांनीं २६, ३२ व ३२ भरली, शिल्लक १०८. आठ आठवड्यांनीं २१, २६ व २९ भरली. शिल्लक सुमारें ५८. म्हणजे आरंभीं रोज एक मिलिमीटर जाणारा खर्च नंतर रोज जवळजवळ अडीचवर गेला. पोटरी व फुलोरा यांच्या सुमारास तो रोज ४ मिलिमीटरच्या घरांत जातो. त्या मानानें ५८ मिलिमीटर शिल्लक पंधरवडाभर पुरेल, आणि पीक फुलोऱ्यांत असतांनाच खातें संपेल. दाणा भरावयास कांहीं उरणार नाहीं. हा आंकडा मरणाची तिथि नव्हे, कारण ओल घटली कीं पीकही खर्च आवरतें, आणि खोल मुळें तीन फुटांखालूनही थोडें ओढतात. परंतु सूचना स्पष्ट आहे, आणि ती पान वळण्यापूर्वीं मिळालेली आहे. केवळ वरचा फूट उकरून पाहणाऱ्यास आठव्या आठवड्यांत रान कोरडें ठणठणीत वाटलें असतें. नुसतें हिरवें पीक पाहणाऱ्यास सर्व आलबेल वाटलें असतें.

शिल्लक पाहून काय करावें

पेरणीपूर्वीं ओल तीन फूट उतरलेली असेल, तर भारी जमिनीस योग्य असें फुले वसुधासारखें वाण घ्यावें. ओल दीड फुटाच्या आंत असेल, तर हलक्या जमिनीसाठीं काढलेलें फुले अनुराधासारखें वाण बरें. वीतभरच असेल, तर दाण्याची आशा न धरतां थोडें कडवळ करावें, व बाकीचें बियाणें राखावें.

उगवणीनंतर विरळणी शिलकेप्रमाणें करावी. दीड फुटावर ओळी व अर्ध्या फुटावर ताट, या अंतरानें एकरीं साठ हजारांच्या आंतबाहेर ताटें राहतात. भांडवल कमी तर खाणारीं तोंडेंही कमी पाहिजेत. पुढें शिल्लक फारच घटली, तर प्रत्येक तिसरी ओळ उपटून जनावरांस घालावी. उरलेल्या दोन ओळींस दाणा येण्याचा संभव राहतो.

कोळपणी तिसऱ्या, पांचव्या व आठव्या आठवड्यांत चुकवूं नये. काळी जमीन वाळतांना भेगाळते, आणि प्रत्येक भेग ही खालच्या थराची ओल वाऱ्यावर उधळणारी वाट असते. आठव्या आठवड्यांत दातेरी कोळप्यानें भेगा बुजविल्या, तर दुसऱ्या-तिसऱ्या फुटांतील शिल्लक पिकाच्या कामीं येते.

विहिरींत एकाच पाण्यापुरता सांठा असेल, तर तो कोणत्या दिवशीं खर्चावा हें खतावणी सांगते. पीक पोटरींत येण्याच्या सुमारास, भेगा रुंदावण्यापूर्वीं तें पाणी द्यावें. भेगाळलेल्या रानांत पाणी साऱ्यांतून पुढें न सरकतां भेगांतच उतरत राहतें, आणि अर्ध्या रानास तें पुरत नाहीं.

यंत्रांविषयीं दोन शब्द

हल्लीं ओल मोजण्याचीं विजेचीं यंत्रें मिळतात. ठिबकावरील द्राक्षें, डाळिंब वा ऊंस यांस ताणमापक उपयोगी आहे. परंतु तो सुमारें ८० सेंटिबारपर्यंतच ताण दाखवितो, आणि जिराईत ज्वारी त्याहून कितीतरी कोरड्या मातींतून पाणी ओढते. जिप्समची वडी अधिक कोरड्या मातींत चालते. कोणतेंही यंत्र काळ्या रानांत पुरलें, तर माती आकसून त्याच्या भोंवतीं पोकळी होते व आंकडा खोटा येतो. म्हणून यंत्र घेतलें तरी वर्षांतून दोनतीन वेळां तराजूनें पडताळावें.

सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन इ. स. १९३३ पासून चाललें आहे, आणि ओल मुरविणें व राखणें हाच त्याचा गाभा राहिला आहे. महसुली दप्तरांतही आतां हा विचार शिरला आहे. पूर्वीं पैसेवारी पन्नासांखालीं गेली कीं नाहीं एवढेंच पाहत. म्हणजे पीक बुडाल्यावर मोजणी. केंद्र सरकारच्या इ. स. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेंत पावसाच्या जोडीनें जमिनींतील ओलीचाही निर्देशांक धरलेला आहे. परंतु सरकारची मोजणी तालुक्याची असते. आपल्या गटाची मोजणी आपणच केली पाहिजे.

एक सळई, एक गिरमिट, एक काटा व एक वही, एवढ्यावर हें काम होतें. सभासद शेतकरी बंधूंनीं येत्या हंगामांत निदान एका रानाची खतावणी पेरणीपासून काढणीपर्यंत लिहावी. तीन वर्षांच्या नोंदी हातीं आल्या, म्हणजे किती ओलीवर किती पीक येतें हें आपल्या जमिनीचें गणित आपणांस कळेल, आणि पेरणीच्या दिवशींच्या शंकेस कांहीं आधार मिळेल.