नफ्याला सवलत, व्याजाला कर

प्रश्न : बिनशेती प्लॉट विकून झालेला ४० लाखांचा नफा पाच महिन्यांत आरईसीच्या ५४ईसी बाँडमध्ये गुंतवला. बाँड करमुक्त आहेत, मग व्याज विवरणपत्रात दाखवावे लागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हो, दाखवावे लागेल. कलम ५४ईसीची सवलत जमीन किंवा इमारतीवरील दीर्घकालीन भांडवली नफ्यापुरतीच आहे. सहा महिन्यांची मुदत आणि ५० लाखांची मर्यादा पाळली गेल्याने ती सवलत सुरक्षित आहे. गोंधळ होतो तो सरकारी कंपन्यांच्या ‘करमुक्त बाँड’मुळे. त्यांचे व्याज करमुक्त असते, पण भांडवली नफ्याची सवलत त्यांवर मिळत नाही.

५.२५ टक्क्यांनी ४० लाखांवर वर्षाला २ लाख १० हजार व्याज होते. ते ‘इतर उत्पन्ना’त धरून स्लॅबप्रमाणे कर भरायचा. वर्षाचा देय कर १० हजार किंवा जास्त असल्यास आगाऊ कर लागतो. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना त्यातून सूट आहे. मागील व्याज राहून गेले असल्यास मुदतीत सुधारित, नंतर अद्ययावत विवरणपत्र भरता येते.

खरी काळजी वेगळीच घ्यावी. पाच वर्षांत हे बाँड तारण ठेवून कर्ज काढले, तरी वाचलेला नफा त्या वर्षी करपात्र ठरतो.