पापलेटची पिले व जाळ्याची आस

ठाणे जिल्ह्यातील उत्तन येथील कोळी बांधव डोल जाळे लावतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर मासळी त्यात शिरते व शेवटच्या खोल्यात साठते. खोल्याची आस बारीक असल्यास पापलेटची पिलेही अडकतात. एकदाही अंडी न घालता ती बाजारात जातात; बियाणे दळून खाण्यासारखेच हे, आणि किंमत ती काय येणार! राज्य शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीचे किमान आकारमान ठरविले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. परंतु डोल वर ओढेपर्यंत पिले बहुधा चेंगरून मेलेली असतात. मग ती परत सोडून उपयोग नाही. याकरिता नवा खोला घेतानाच आस मोठी ठेवावी. कार्यकर्त्यांनी १३५ मिलिमीटरची खूण केलेली पट्टी बंदरावर न्यावी व मासळी निवडणाऱ्या भगिनींसमवेत पापलेट मोजून पाहावेत.