आई नसलेली पिले

खुडूक कोंबडी पिलांना पंखांखाली घेते, तेव्हा ऊब किती द्यावी हे तिला कोणी शिकवत नाही. यंत्रात उबवलेल्या पिलांना मात्र आई नसते. तिचे काम आपल्यालाच करावे लागते. त्यासाठी जी उबदार जागा करतात, तिला ब्रूडर म्हणतात.

वीस-पंचवीस पिलांसाठी जाड पुठ्ठ्याचे गोल कुंपण पुरते. कोपरे ठेवू नयेत. थंडी वाजली की पिले तेथे एकमेकांवर चढतात व खालची गुदमरतात. खाली दोन इंच कोरडे भाताचे तूस पसरावे. वर दिवा पक्का टांगावा आणि पिले आणण्यापूर्वी काही तास तो लावून ठेवावा.

अंड्यातून निघण्यापूर्वी पिलू उरलेला बलक पोटात ओढून घेते. त्यावर ते सुमारे दोन दिवस तग धरते. तरी घरी आल्यावर प्रथम पाणी द्यावे, मग दाणा. भांडे उथळ असावे व त्यात गोटे टाकावेत, म्हणजे पिले बुडणार नाहीत.

पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीपाशी सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता असावी. पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करावी. परंतु खरे मोजमाप पिलेच सांगतात. दिव्याखाली दाटी करून ती चिवचिवाट करू लागली, तर त्यांना थंडी वाजते आहे. दूर जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकू लागली, तर उष्णता जास्त आहे. एकाच बाजूला गोळा झाली, तर दुसरीकडून वारा येत असावा. सगळीकडे पसरून खात-पीत असली, म्हणजे ठीक.

हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. एका डिसेंबरात झोपण्यापूर्वी तापमापक पाहिला आणि निश्चिंत झालो. रात्री वीज गेली. सकाळी सात पिले चेंगरून मेलेली आढळली. तेव्हापासून रात्री एकदा उठतो आणि फडक्यात गुंडाळायला गरम पाण्याच्या बाटल्यांची सोय ठेवतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू नये. तिचा धूर जीवघेणा असतो.

ओले तूस लगेच काढावे, नाहीतर रक्ती हगवण बळावते. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यांना विचारून द्यावी.

शिक्षकहो, वर्गातील मुलांना पिले दाखवा. ती कशी बसली आहेत हे वहीत काढायला सांगा, आणि नंतर हात साबणाने धुवायला लावा. जो बोलू शकत नाही त्याची गरज ओळखणे, हा धडा मुलांना पुढेही उपयोगी पडेल.