हरलेला डाव आधी वहीत तपासा

हरलेल्या डावाचं खापर ओपनिंगवर फोडायची मुलांना सवय लागते, आणि ती वेळीच मोडावी लागते. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. तेव्हापासून आमच्या विवळवेढ्यात, अगदी महालक्ष्मीच्या यात्रेच्या दिवसांतही, ओट्यावर पट मांडलेला दिसतो. फार बरं वाटतं. पण डाव संपला की पोरं मोबाइलवर इंजिन लावतात आणि लाल खूण दिसली की वही मिटतात.

सातवीतल्या एका मुलाचा डाव सांगतो. तो काळ्याकडून खेळत होता. समोरच्याचा उंट सी-४ वर होता. चौथ्या चालीला त्याचा घोडा जी-५ वर आला आणि एफ-७ वर दोघांचा मारा बसला. मुलाने डी-५ ला प्यादं टाकलं, ते बरोबरच. पांढऱ्याने ते मारलं, याने घोड्याने परत मारलं. मग पांढऱ्याने एफ-७ वर घोडा दिला, राजाने तो घेतला आणि वजिराने एफ-३ वरून शह दिला. मुलाने राजा जी-८ वर नेला. दहाव्या चालीला मात.

"सर, ही ओपनिंगच भंगार आहे. मी बदलतो."

मोबाइल बाजूला ठेवायला लावून मी शहाची स्थिती पुन्हा मांडली. "राजा इथे का नेलास?"

"किल्लेकोट केल्यावर तिथंच असतो ना!"

हे उत्तर इंजिनकडे नसतं. डी-५ च्या घोड्यावर वजीर आणि उंट दोघं टपलेले, आपल्या वजिराचा एकट्याचा जोर अपुरा. म्हणून राजाने ई-६ वर, भर मैदानात यायचं. भीती वाटते, पण डाव टिकतो.

तेव्हा चाली लिहूनच खेळा. त्याच संध्याकाळी प्रत्येक चालीपुढे त्या वेळी मनात काय होतं ते लिहा. इंजिन त्यानंतर.

ओपनिंग बदलायची घाई नको. हा हल्ला चारशे वर्षांपूर्वीच्या इटालियन पोलेरिओच्या नावावर आहे आणि त्यावर उताराही आहे: पाचव्या चालीला प्यादं परत न मारता घोडा ए-५ वर नेऊन उंटालाच हुसकायचं. त्याने बी-५ वरून शह दिला तर सी-६. एक प्यादं जातं, पण आपली मोहरी भराभर बाहेर पडतात. ही स्थिती मांडून मित्राबरोबर दोन्ही रंगांनी खेळा. प्यादं कमी असताना कोणतं मोहरं कुठे न्यायचं, ते खेळूनच कळतं.