ऐकून घेतल्यावाचून दंड करावा काय?

शास्त्रपाठ : योहान ७:४५-५२, गणना ३५:९-१२, रोम १३:१-५

गेल्या पावसाळ्यात एका गावी उपासना आटोपल्यावर मंडळीतील एक वृद्ध भगिनी आमच्याजवळ आली. तिचा नातू शहरात मजुरीस गेला होता, तो गर्दाच्या नादी लागून घरी परतला. प्रथम घरातील भांडी गेली, मग शेळी गेली, शेवटी म्हातारीच्या गळ्यातील मणीही गेले. ती म्हणाली, "पाळकसाहेब, हे विष विकणाऱ्यांना सरकार गोळ्या का घालीत नाही? चार मुडदे चौकात पडले म्हणजे बाकीचे आपोआप थांबतील." भोवती उभे असलेल्या पुष्कळांनी माना डोलावल्या.

त्या दिवशी आम्ही तिला उत्तर दिले नाही. ज्याचे घर जळत आहे त्यास दारात उभे राहून उपदेश करणे बरे नव्हे. परंतु हा प्रश्न त्या एकटीचा नाही. गांजा, गर्द, नशेच्या गोळ्या ही आता केवळ शहराची पीडा राहिली नाही, आणि जेथे ती शिरते तेथे हाच विचार लोकांच्या मनात येतो. म्हणून ह्या पाठात आपण तो नीट तपासून पाहू.

१. दंड करण्याचा अधिकार

पहिली गोष्ट ही की त्या भगिनीचा संताप खोटा नाही. जो मनुष्य दुसऱ्याच्या मुलास जाणूनबुजून व्यसनाच्या फासात अडकवितो व त्यावर पैसा मिळवितो, तो शेजाऱ्याचा घात करितो. पौल राजसत्तेस देवाची सेवक समजतो, आणि दुष्कर्म करणाऱ्यास तिचे भय वाटावे हे योग्य आहे असे शिकवितो. आपल्या देशाचा कायदाही ह्या बाबतीत सौम्य नाही. १९८५ सालच्या अमली पदार्थांच्या कायद्यान्वये व्यापारी प्रमाणात असा माल बाळगणाऱ्यास किंवा विकणाऱ्यास कमीत कमी दहा वर्षांची व जास्तीत जास्त वीस वर्षांची सक्तमजुरी होते, व शिवाय जबर दंडही होतो.

परंतु दंड करणे व ठार मारणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. गणनेच्या पस्तिसाव्या अध्यायात आश्रयाच्या नगरांची व्यवस्था सांगितली आहे. ज्याच्या हातून मनुष्यहत्या घडली आहे अशालाही मंडळीपुढे उभे करून त्याचा निवाडा होईपर्यंत कोणी मारू नये, असा तेथे नियम आहे. ज्याचा भाऊ मारला गेला त्याचा क्रोध देवास ठाऊक नव्हता काय? ठाऊक होता, म्हणूनच क्रोध आणि शिक्षा ह्यांच्या मध्ये त्याने निवाड्याची भिंत उभी केली. ती भिंत पाडली म्हणजे काय होते, हे आपल्या काळातील एका देशाने पाहिले आहे.

२. फिलिपाईन्स देशाची कथा

फिलिपाईन्स हा पूर्वेकडील बेटांचा देश असून तेथील बहुसंख्य लोक ख्रिस्ती, विशेषतः रोमन कॅथॉलिक आहेत. तेथील गरिबांच्या वस्त्यांत 'शाबू' नावाच्या अमली पदार्थाचे व्यसन फार पसरले होते. २०१६ साली रोद्रिगो दुतेर्ते हे तेथे राष्ट्राध्यक्ष झाले. थोड्याच महिन्यांत हा उपद्रव नाहीसा करू, असे वचन त्यांनी लोकांस दिले होते, व त्यासाठी माणसे मारावी लागतील हेही त्यांनी लपविले नव्हते.

मोहिमेचे नाव होते 'तोखांग'. तेथील भाषेतील दार ठोठावणे व विनवणी करणे ह्या दोन शब्दांपासून ते बनविले होते. वस्तीतील अधिकाऱ्यांनी संशयितांच्या याद्या कराव्या, पोलिसांनी त्यांच्या दारी जाऊन त्यांस ते कर्म सोडण्याविषयी सांगावे, असा त्याचा उघड अर्थ होता. पण पुष्कळांच्या बाबतीत दार ठोठावण्यामागून मृत्यू आला. पोलिसांचा अहवाल बहुधा एकच असे : मनुष्याने प्रतिकार केला, म्हणून गोळी घालावी लागली. रात्री मोटारसायकलींवरून तोंडे झाकलेले लोक येत व मारून जात, त्यांचा तर पत्ताच लागत नसे. २०२२ सालापर्यंत केवळ पोलिसांच्या कारवाईत ६,२०० हून अधिक माणसे मारली गेली, हा सरकारचाच आकडा आहे. मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांचा अंदाज ह्याहून कितीतरी मोठा आहे.

१६ ऑगस्ट २०१७ रोजी मनिलानजीकच्या कालोओकान शहरात सतरा वर्षांचा एक विद्यार्थी असाच मारला गेला. त्याने गोळी झाडली, असे पोलिसांनी सांगितले. परंतु रस्त्यावरील कॅमेऱ्याच्या चित्रणात पोलीस एका मुलास धरून नेत असल्याचे दिसले, व पाहणारे साक्षीदारही पुढे आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने तिघा पोलिसांस खुनाबद्दल दोषी ठरविले. कॅमेरा नसता, साक्षीदार भ्याले असते, तर तो मुलगाही प्रतिकार करणारा म्हणूनच पुरला गेला असता.

त्याच्या आधी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, अमली पदार्थांच्या तपासाचे निमित्त करून काही पोलिसांनी दक्षिण कोरियाच्या एका व्यापाऱ्यास पळवून नेले व राष्ट्रीय पोलिसांच्या मुख्य ठाण्याच्या आवारातच त्याचा जीव घेतला. हे उघडकीस आल्यावर २०१७ च्या आरंभी मोहीम काही काळ थांबवावी लागली. ज्या शस्त्राचा हिशेब कोणी मागत नाही, ते फार दिवस दुष्टांपुरते राहत नाही.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ह्या मोहिमेस लोकांचा मोठा पाठिंबा होता. २०१६ सालच्या लोकमताच्या पाहणीत बहुसंख्यांनी तिच्याविषयी समाधान दाखविले, आणि आपण किंवा आपल्या ओळखीचा कोणी तिच्यात बळी पडेल अशी भीतीही बहुसंख्यांनीच सांगितली. म्हणजे लोक टाळ्या वाजवीत होते आणि दारास कडीही लावून घेत होते.

३. कोण मेले व कोण सुटले

'परंतु विष तर थांबले ना?' असे कोणी विचारील. थांबले नाही. सप्टेंबर २०१६ मध्येच अध्यक्षांनी आणखी सहा महिन्यांची मुदत मागितली. २०१७ च्या मे महिन्यात चीनकडून आलेला सुमारे ६०० किलो शाबू मनिलाच्या जकातखात्यातून सुटून एका वखारीत पोहोचला होता. वस्तीत चिमूटभर पुडी बाळगणारा रिक्षावाला मारला जात असता बंदरातून शेकडो किलो माल आत येत होता. माशी मारावी आणि उकिरडा तसाच ठेवावा, असा हा प्रकार झाला.

थायलंड देशाने असाच प्रयोग आधी करून पाहिला होता. तेथे २००३ साली तीन महिन्यांत सुमारे २,८०० माणसे मारली गेली. पुढे २००७ साली सरकारने नेमलेल्या समितीने चौकशी केली, तेव्हा त्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा अमली पदार्थांच्या व्यापाराशी संबंध दिसून आला नाही. मेलेल्यास हे कोणी जाऊन कळवावे?

ह्या गोष्टी परक्यांच्या म्हणून आपण तुच्छतेने वाचू नयेत. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू आपल्याच मुंबई बंदरातून चीन देशास जात असे. त्या विषाने तिकडे लक्षावधी घरे बुडाली आणि इकडे व्यापाऱ्यांस संपत्ती व मानमरातब मिळाला. विषाचा मोठा व्यापारी बहुधा प्रतिष्ठितांत बसतो, आणि गोळी त्याच्या वाड्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

४. न्यायालयाने दिलेला देहदंड

कोणी म्हणतील, 'रस्त्यावर मारणे वाईट खरे, पण सिंगापूरप्रमाणे न्यायालयाने फाशी द्यावी.' ह्या दोन गोष्टींत मोठा भेद आहे, हे आम्ही मान्य करितो. सिंगापुरात आरोपीचे ऐकून घेतले जाते. परंतु १९७५ पासून तेथे असा कायदा होता की पंधरा ग्रॅमहून अधिक शुद्ध हेरॉईनचा व्यापार सिद्ध झाला म्हणजे न्यायाधीशास फाशीवाचून दुसरी शिक्षा देता येत नसे. मालाचा धनी कोण व पोटासाठी ओझे वाहणारा कोण, हा भेद करण्यास जागाच नव्हती. २०१२ साली त्या देशालाही कायद्यात दुरुस्ती करून माल वाहून नेणाऱ्या काहींच्या बाबतीत न्यायाधीशास थोडी मोकळीक द्यावी लागली.

आपल्या देशातही १९८९ साली अशा काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास देहदंडच द्यावा, अशी सक्ती कायद्यात घातली होती. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशी सक्ती घटनेस धरून नाही, शिक्षा ठरविताना न्यायाधीशास विवेक वापरता आला पाहिजे. पुढे २०१४ साली कायद्यातही तसा पालट झाला. जीव घेण्यापूर्वी त्या मनुष्याची सगळी हकीगत ऐकली पाहिजे, हेच त्या निर्णयाचे सार आहे.

५. निकदेमाचा प्रश्न

आता योहानाच्या सातव्या अध्यायाकडे वळू. येशूस धरून आणण्यास पाठविलेले शिपाई रिकाम्या हातांनी परत आले, तेव्हा मुख्य याजक व परूशी संतापले. त्या सभेत निकदेमाने एवढेच विचारले की, मनुष्याचे ऐकून घेतल्यावाचून व त्याने काय केले हे कळल्यावाचून आपले नियमशास्त्र त्यास दोषी ठरविते काय? त्याने येशूची बाजू मांडली नाही, केवळ नियमाची आठवण दिली. तरी त्यास टोमणा मिळाला की तूही गालीलाचाच दिसतोस.

हा टोमणा अजून जुना झालेला नाही. लेइला दे लीमा ह्या सिनेटर बाईंनी २०१६ साली फिलिपाईन्समधील हत्यांची चौकशी आरंभिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांच्यावरच अमली पदार्थांच्या व्यवहाराचा आरोप ठेवून त्यांस अटकेत टाकिले. सुमारे पावणेसात वर्षे त्या कोठडीत होत्या. २०२४ सालापर्यंत त्यांच्यावरील ते सर्व खटले सुटले. बिशपांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये हत्यांविरुद्ध पत्र काढून चर्चांतून वाचविले, त्याच वर्षी मनिलात मेलेल्यांच्या स्मरणार्थ रात्री आठ वाजता घंटा वाजविण्यात आल्या. ह्या धर्मगुरूंवरही अध्यक्षांनी उघडपणे तोंडसुख घेतले. पुढे ११ मार्च २०२५ रोजी स्वतः दुतेर्ते ह्यांस अटक होऊन मानवतेविरुद्ध गुन्ह्याच्या आरोपावरून हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेण्यात आले. त्यांच्या दोषाविषयी आम्ही निर्णय करीत नाही, कारण तो न्यायाधीशांचा अधिकार आहे. ज्यांचे ऐकून घेतले गेले नाही त्यांच्याविषयीच्या खटल्यात त्यांचेही ऐकून घेतले जावे, हेच न्यायाला शोभते.

६. मग आम्ही काय करावे?

गोळी नको म्हणजे गप्प बसावे असे नव्हे. प्रथम, गावात माल आणणारा कोण हे ठाऊक असून भीतीने किंवा नात्यामुळे लपवू नये, चार वडीलधारी मंडळींनी मिळून अधिकाऱ्यांस कळवावे. दुसरे, केवळ संशयावरून कोणाचे नाव देऊ नये. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा येथेही लागू आहे. तिसरे, व्यसनात सापडलेल्यास रोगी समजून उपचारास न्यावे. पुष्कळ लोक तुरुंगाच्या भयाने मुलास दवाखान्यात नेत नाहीत. त्यांस सांगावे की ह्याच १९८५ सालच्या कायद्याच्या ६४-अ कलमान्वये, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील मालाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वखुशीने मान्य रुग्णालयात उपचार घेईल व ते पुरे करील, तर त्यास खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

हे काम अशक्य नाही. मुंबई-पुण्यात गर्दाची साथ आली असता डॉ. अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट ह्यांनी १९८६ साली पुण्यास 'मुक्तांगण' सुरू केले, आणि हजारो माणसे तेथून घरी परतली. ज्या कालोओकानात तो विद्यार्थी मारला गेला तेथेही बिशप पाब्लो विरजिलियो डेव्हिड ह्यांनी व्यसनी लोकांस वस्तीतच सांभाळून सुधारण्याचे काम चालविले.

शेवटी त्या भगिनीविषयी. काही दिवसांनी आम्ही तिच्या घरी गेलो. बोलता बोलता ती हळूच म्हणाली की, नातू आपल्यापुरता माल मिळावा म्हणून दुसऱ्या दोन पोरांसही पुड्या पोहोचवीत असे. आम्ही विचारले, "आजी, गावात विकणाऱ्यांची यादी झाली तर तीत पहिले नाव कोणाचे येईल?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पदराने डोळे पुसून तिने विचारले, "त्या दवाखान्यात न्यायला किती खर्च येतो?" मंडळीने वर्गणी केली, आणि पुढच्या सोमवारी दोघे वडील त्यास घेऊन गेले.

उपदेशक बंधूंसाठी प्रश्न

१) गणना ३५ मधील नियमाप्रमाणे क्रोध व शिक्षा ह्यांच्या मध्ये काय असावे?
२) निकदेमाने येशूचे समर्थन केले की नियमाची आठवण दिली? दोहोंत भेद काय?
३) आपल्या गावात उपचाराची गरज असलेला कोणी आहे काय? त्याच्या घरी ह्या आठवड्यात कोण जाईल?